खाडीचा वाटा

ओहोटी पुरती व्हायच्या आधीच शालन कुबल खाडीतून वर आली. घरी न जाता, डोक्यावरची पाटी तशीच घेऊन ती लेकीच्या शेडवर गेली. यामिनी तिथे सावलीत वाळत घातलेली लाल पूड उलटत होती. शालनने पाटी तिच्या पायाशी ओतली.

"ह्यां बघ."

तिसऱ्या होत्या. जिवंत तिसरी हात लागताच शिंपले घट्ट मिटून घेते, नखाने उघडू म्हटलं तरी उघडत नाही. या सगळ्या आ वासून पडल्या होत्या. आतलं मांस सैल, दुधकट झालेलं, आणि वास असा की यामिनीने ओढणी नाकाला लावली.

"उन्हान झाला असात," ती म्हणाली.

"ऊन काय मी आजच बघतंय? वीतभर चिखलाखाली होत्यो. थंय खंयचा ऊन?" शालन खाली बसली आणि चिखलाने भरलेले पाय तिने समोर पसरले. "पायान चाचपत गेलंय, तर सगळ्यो पोकळ. पायाखाली खाडी रिकामी लागता गो चेडवा."

वेळशीच्या खाडीत तिसऱ्या काढणाऱ्या बायकांत आता शालनच सगळ्यांत जुनी. नवरा गेल्यावर याच चिखलात तिने लेकीचं पोट भरलं आणि तिला मत्स्यविज्ञानाच्या पदवीपर्यंत नेलं. ही गोष्ट तिने कधी बोलून दाखवली नाही. यामिनीनेही कधी तोंडावर आणली नाही, पण विसरलीही नाही. शिकून ती शहरात राहू शकली असती. ती परत आली, गावातल्याच तुषार तारीशी लग्न केलं, आणि आईच्या घराच्या हाकेच्या अंतरावर राहू लागली.

तेव्हा वेळशीचे कोळंबीचे तलाव मरणाला टेकले होते. कोळंबीला, म्हणजे इथल्या बोलीत सुंगटांना, पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने धरलं होतं. सकाळी चारा खाणारी सुंगटं संध्याकाळी काठाला येऊन लोळायची आणि दुसऱ्या दिवशी तलावावर लालसर तवंग दिसायचा. लोक घाबरून वाट्टेल ती औषधं पाण्यात ओतत. रोग विषाणूचा, त्याला औषधांचं काय? रोग राही तो राहीच, आणि औषधांचा अंश सापडला म्हणून बाहेरचे व्यापारी उरलेला मालही परत पाठवत. शेवटी सरकारने तलावांत औषध घालण्यावर बंदीच आणली. तलाव सहकारी संस्थेचे, घरटी एक माणूस त्यांवर राबणारा. गावातली तरुण पोरं सामान बांधायच्या बेतात होती.

यामिनीच्या नजरेला एक गोष्ट पडली. गावाबाहेर समुद्रात घुसलेलं खडकाचं टोक आहे. तिथल्या कपारींत रानटी सुंगटं राहत. त्यांच्या अंगात तोच विषाणू होता, तरी ती मरत नव्हती. तिथल्या खडकांवर वाढणारं लाल शेवाळ ती खात होती. यामिनीने ते शेवाळ आणलं, तांदळाच्या कोंड्यात कालवलं, विरजण लावून आंबवलं, सावलीत वाळवून त्याची लाल पूड केली आणि ती तलावाच्या चाऱ्यात मिसळली.

तलाव उठले.

कसे उठले, हे तिला पुढे हळूहळू उमगत गेलं. कोळंबीला विषाणू जितका मारत नाही, तितकी ती स्वतःच स्वतःला मारते. विषाणू शिरला की तिच्या रक्तातल्या पेशी घाबरून आपणहून मरू लागतात, म्हणजे आपल्याबरोबर विषाणूही जावा. थोड्या मेल्या तर ठीक. पण त्या एकदम इतक्या मरतात की कोळंबीच संपते. शेवाळातलं द्रव्य, कोंड्यात आंबल्यावर अधिक जोमदार झालेलं, त्या पेशींची घाई थांबवत होतं. विषाणू आत शिरे, राही, वाढे, आणि कोळंबी त्याला अंगावर वागवत खात-पीत मोठी होई.

विषाणू अंगात राहतो हे यामिनीला पहिल्या वर्षीच कळलं होतं. तिच्याकडे तळहाताएवढं थेंबयंत्र होतं. पाण्याचा किंवा रक्ताचा थेंब टाकला की त्यात कुठला विषाणू किती, ते रंगाने सांगणारं. रंग फिका आला होता. असू दे, तिने म्हटलं, आपल्याही पोटात जंतू असतातच. मग तलावावर कॅमेरे आले. एकेका सुंगटाचं पोहणं आणि खाणं बघून ते निरोगी की आजारी याचा निर्वाळा देणारे. शेडमधल्या पडद्यावर हिरवे ठिपके लुकलुकत राहत. हिरव्या ठिपक्यांनी भरलेला पडदा समोर असताना थेंबयंत्र कपाटातून कोण काढतो?

त्या दिवशी तिने ते काढलं. मेलेल्या तिसरीचं पाणी त्यावर टाकलं, आणि रंग एवढा गडद आला की यंत्र बिघडलं असं समजून तिने ते पुसून पुन्हा लावलं.

तुषार संध्याकाळी तलावावरून आला तेव्हा ती पायरीवर बसली होती.

"तिसऱ्यांका सुंगटांचो रोग?" तो म्हणाला. "तो कसो होतलो? तूच सांगतंस ना, शिंपल्याक होणा नाय म्हणान?"

"होत नव्हतो. आता झालो."

"यंत्र जुना झाला तुझा."

"तलावातल्या सुंगटांचा रक्त बघलंय. तुषार, पयल्या वर्सापेक्षा हजारपट आसा."

तो हात-पाय धुवायचा थांबला. "पण मरनत नाय ती."

"म्हणानच."

जेवता जेवता तिने त्याला समजावलं. रोगालाही एक लगाम असतो. ज्याच्या अंगात राहायचं त्यालाच झटकन मारलं, तर रोगाला पुढच्या अंगात जायला वाट उरत नाही. अतिजहाल विषाणू असा आपल्याच जहालपणाने संपतो. पुडीने तो लगाम काढून घेतला होता. आता कितीही जहाल झाला तरी कोळंबी मरत नव्हती. विषाणूला तिच्या अंगात हवा तेवढा काळ आणि हवी तेवढी जागा मिळाली. वर्षानुवर्षं तो तिथे वाढला, बदलला, आणि बदलता बदलता शिंपल्यात शिरायला शिकला. तलावातली सुंगटं पुडीच्या आधाराने जगत होती. खाडीतल्या जिवांना कसला आधार?

"मगे पूड बंद करूया," तुषार म्हणाला.

कोपऱ्यातल्या लहान तलावात त्यांनी ती बंद केली. दोन दिवस काही झालं नाही. मग पडद्यावरचे हिरवे ठिपके एकेक करून विझू लागले आणि दुपारपर्यंत सगळा पडदा काळा झाला. पूर्वीच्या रोगात थोडी सुंगटं तरी वाचत. या खेपेला एकही नाही. तुषारने चुन्याची पोती फोडून तलावात ओतली आणि बराच वेळ बांधावर उभा राहिला.

"म्हणजे बंद पण करूक येवची नाय," तो म्हणाला.

"नाय."

"कधीच?"

यामिनीने चुन्याचं रिकामं पोतं उचलून त्याची घडी घातली.

पण तलावातला विषाणू खाडीत गेला कसा? तलावातून बाहेर पडणारं पाणी आधी ब्लिचिंगच्या टाकीत जाई, मग जंतू मारणाऱ्या दिव्यांखालून, मगच नळातून खाडीत. तिने ते तपासलं, स्वच्छ होतं. पक्ष्यांनी सुंगटं उचलू नयेत म्हणून वर जाळी होती. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, येऊ नयेत म्हणून भोवती पत्रा होता. तलावावर जाणारा प्रत्येक माणूस औषधी पाण्यात पाय बुडवून जाई, बाबल तारीसुद्धा. हा संस्थेचा अध्यक्ष आणि देवळाचा मानकरी. दर वेळी तो "आता आंघोळच घाल माका" असं पुटपुटे. यामिनीने सगळी वाट पुन्हा पुन्हा शोधली. कुठेही फट नव्हती.

मग मोठ्या तलावाची काढणी आली.

वेळशीत एक रीत आहे. जे काही धराल त्यातला पहिला जीव खाडीला परत द्यायचा. पूर्वी जाळ्यातली पहिली ओंजळ जिवंत सोडत. तलाव आले तेव्हा जाणत्यांनी ठरवलं की तलावातलं पाणीही खाडीचंच, तर वाटाही खाडीला गेला पाहिजे. तेव्हापासून दर काढणीला कळशीभर जिवंत सुंगटं वाजतगाजत धक्क्यावर नेत आणि खाडीत उतरणाऱ्या बायकांतली सगळ्यांत जुनी बाई ती हाताने पाण्यात सोडी. तलावांच्या तपासणीला अधिकारी येत. नळ, जाळी, चुना, बूट, सगळं बघून जात. कळशीचं त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. ते तलावाचं काम नव्हतंच, देवाचं होतं.

यामिनी दर वेळी तिथे असे. त्या दिवशीही होती. शालन हिरवं लुगडं नेसून, पाण्यात गुडघाभर उतरून, कळशीत हात घालून उभी होती. सुंगटं तिच्या बोटांमधून उसळ्या मारत होती. बायका हसत होत्या.

"गे शालन, सोड लवकर, ओंजळीतच संसार मांडतली ती," कुणीतरी म्हणालं.

"मांडू देत. माझ्या हाताचो गुण आसा," शालन म्हणाली आणि ओंजळ पाण्याखाली नेऊन उघडली.

यामिनीला तेव्हा ती फट दिसली. धक्क्याच्या दगडावर ती उभी होती, दोन पावलं टाकली असती तर आईचा हात धरता आला असता. दुसरी ओंजळ गेली. तिसरी गेली. ढोलावर काठी पडत होती. कळशी रिकामी झाल्यावर शालन वर आली आणि ओले हात लेकीच्या गालाला लावून तिने बोटं मोडली.

त्यानंतर खाडी भराभर गेली. आधी काठच्या वाळूतल्या तिसऱ्या, मग मधल्या पट्टीतले मुळे नावाचे शिंपले, मग खडकांवरची कालवं. कुर्ल्या बिळांतून बाहेर येऊन उताण्या पडू लागल्या. ओहोटीला बायका पाट्या घेऊन जात आणि पाट्या घेऊन येत. घरी येऊन भांडी घासत, पण एकमेकींकडे बघत नसत.

देवळात सभा बसली. बाबल ताऱ्याने सांगितलं की खाडी रागावली आहे. तलावांनी एवढी वर्षं भरभरून दिलं, आपण मात्र एका कळशीवर तिची बोळवण केली. येत्या अमावास्येला प्रत्येक तलावातून वाटा सोडायचा. कळशीने नाही, टोपल्यांनी.

"शालनवैनीन सोडूचो," तो म्हणाला. "तिचोच मान."

शालनने मान हलवली. ती खांबाला टेकून बसली होती. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा जरा सैल झाला होता.

यामिनी उभी राहिली. सभेत बोलायची तिला सवय नव्हती. "वाटो सोडू नकात," ती म्हणाली.

"काय म्हणतंस?"

"टोपली सोडू नकात. कळशी पण नको. एक पण सुंगट खाडीत जावक नको."

"आता देवाक पण औषधाच्या पाण्यात पाय बुडवूक लावतलंस काय गो?" बाबलने विचारलं आणि मंडपात हशा पिकला.

हशा ओसरेपर्यंत ती उभी राहिली. मग तिने सांगितलं. तलावातल्या सुंगटांच्या अंगात काय आहे, पुडीने ते कसं वाढलं, आणि ते खाडीत कुठून गेलं. कठीण शब्द टाळून सांगितलं. सांगताना ती बाबलकडे बघत होती. आईकडे बघायचं तिने टाळलं. पण प्रश्न आला तो तिथूनच.

"मी सोडलेली?" शालन म्हणाली.

"होय, आई."

"गेल्या खेपेची?"

"दर खेपेची."

शालनने आपल्या हातांकडे बघितलं नाही, कुणाकडेच बघितलं नाही. "पण ती तर उसळ्यो मारीत होती," ती म्हणाली. "बरी होती. चांगली जिती होती."

"जिती होती म्हणानच झाला."

मंडपात गलका झाला. कुणी म्हणालं, पूड हिची, दोष देवाच्या वाट्याला. कुणी म्हणालं, तलाव बंद करा. तलाव बंद म्हणताच गलका जास्तच वाढला. शेवटी ठरलं ते असं. वाटा सोडायचा नाही. पूड चालू ठेवायची, कारण ती बंद केली की तलाव जातील आणि खाडी तर गेलीच आहे. ठरवून सगळे उठले. दुसऱ्या दिवशी तिला शेडवर जाऊन पूड करायची होती, आणि तिने केली.

शालन बोलेनाशी झाली. यामिनी डबा घेऊन जाई, शालन तो ठेवून घेई. ओहोटीला मात्र ती रोज खाडीत उतरत होती. पाटी न घेता. नुसती पायांनी चाचपत फिरे. काठावरची माणसं तिच्याकडे बघून कुजबुजत.

एका सकाळी ती धावत शेडवर आली. कमरेपर्यंत भिजलेली, दम लागलेली. ओंजळ मिटलेली होती. यामिनीसमोर तिने ती उघडली तेव्हा आत पाच-सहा तिसऱ्या होत्या. घट्ट मिटलेल्या.

"जित्यो," ती म्हणाली. "घे, बघ. नखान उघडून बघ."

यामिनीने एक घेतली. उघडत नव्हती.

"खंय मेळाल्यो?"

"तलावाच्या नळाखाली. थंय रेव आसा ना, थंय. खच पडलोहा. ल्हान, मोठ्यो, सगळ्यो जित्यो. थंय मी कधी बघूकच नाय होतंय." शालन हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिने पुसलंही नाही. "खाडीन माका माफ केल्यान गो. ह्या बियाण्यातून सगळी खाडी परत भरतली. होय ना? तू शिकलंहस, तू सांग."

यामिनी तिसरी हातात धरून उभी होती. नळ हा शब्द ऐकताच तिला उत्तर कळलं होतं, तरी थेंबयंत्र काढून तिने थेंब टाकला, कारण आई समोर होती आणि काहीतरी करायला हवं होतं. रंग गडद आला. पहिल्या दिवशीच्याहून गडद.

ब्लिचिंगने विषाणू मरत होता. पुडीतलं द्रव्य मरत नव्हतं. तलावातून वाहून येणारं ते द्रव्य नळाखालच्या तिसऱ्यांच्या अंगात जात होतं, आणि म्हणून त्याच तेवढ्या जिवंत होत्या. खाडीतलं बाकी सगळं मेलं होतं, त्यामुळे विषाणूला राहायला दुसरी जागा नव्हती. तलाव बंदिस्त होते, वाटा थांबला होता. आता खाडीत तो जिवंत होता तो फक्त या रेवेत. रोज लाखोंनी पाण्यात सुटत होता आणि ओहोटीबरोबर समुद्रात जात होता. या तिसऱ्या संपल्या तर तोही काही महिन्यांत संपेल. मग कधीतरी दुसऱ्या खाडीतून तिसऱ्यांची पिल्लं वाहत येतील, रुजतील. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी. या तिसऱ्या राहिल्या तर कधीच नाही. पिल्लं येतील आणि मरतील.

हे तिने आईला सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

"मगे पूडच टाकूया खाडीत," शालन म्हणाली. "रोज. मी टाकतंय. पोत्यान टाकतंय. सुंगटांका चलता ती तिसऱ्यांका पण चलता ना?"

"चलता. आपल्यो जगतल्यो. आणि दुसऱ्या खाड्यांतल्यो मरतल्यो."

"तेंच्यानी पण टाकूची."

"सगळ्यांनी? सगळ्या समुद्रात?"

शालनने यामिनीच्या हातातली तिसरी परत घेतली, ओंजळीतल्या बाकीच्यांत ठेवली आणि त्यांवर दुसरा हात पालथा घातला.

त्या दुपारी यामिनीने दाभेखोलला फोन लावला. पलीकडची खाडी, तिथेही तलाव होते. पुडीचं विरजण यामिनीनेच त्यांना दिलं होतं. त्यांनाच काय, मागायला आलेल्या प्रत्येकाला दिलं होतं, आणि त्यांनी पुढे आणखी कुणाकुणाला. आता ते कुठे कुठे लागलं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. दाभेखोलच्या शेडचं काम दीक्षा मोंडकर बघायची.

"अय्या, मॅडम तुम्ही," दीक्षा म्हणाली. "तुमचं नाव आताच काढलं होतं. खाडीत जरा मर लागलीय खरी, पण आमच्या नळाखाली तिसऱ्या काय आल्यात म्हणून सांगू. लोक बघायला येतात."

यामिनीने तिला सगळं समजावलं. दीक्षाने मधे न बोलता ऐकलं.

"म्हणजे ज्या जगल्यात त्याच मारायच्या?" ती म्हणाली.

"हो."

"मॅडम, तुम्ही सांगताय तर खोटं नसणार. पण हे मी इथल्या बायकांना कुठल्या तोंडाने सांगू? त्या तिथे हळद-कुंकू वाहून आल्यात." मग ती म्हणाली, "बघते. बोलते कुणाशी तरी." तिच्या आवाजावरूनच यामिनीला कळलं की ती बोलणार नाही.

पुढच्या ओहोटीला यामिनी फावडं आणि ब्लिचिंगची पोती घेऊन नळाखाली गेली. तुषार पोती वाहून देऊन परत फिरला. "माझ्यान बघवाचा नाय," एवढंच तो म्हणाला. नुसतं ब्लिचिंग वरून टाकून भागणार नव्हतं. तिसऱ्या शिंपले मिटून घेतात, भरती येते, पाणी धुऊन जातं. खणून, वर काढून, चुन्याच्या खड्ड्यात टाकायला हवं होतं. तिने फावडं मारलं. चिखल आला, दगड आले, थोड्या तिसऱ्या आल्या. तीनचार तासांत भरती लागणार होती, आणि रेव लांबच लांब होती. ती घामाने निथळत होती आणि तिच्या मागे जेमतेम अंगणाएवढी जागा उकरली गेली होती.

कुणीतरी तिच्या हातातलं फावडं घेतलं आणि बाजूला टाकलं.

"तुझ्यान नाय होवचा," शालन म्हणाली.

तिने लुगड्याचा काचा मारला होता, कमरेला पाटी बांधली होती. ती रेवेत उतरली. अनवाणी पाय चिखलात हलके फिरवत गेली, जिथे टाच थांबली तिथे वाकली, बोटं खुपसली आणि मूठभर तिसऱ्या वर काढल्या. पुन्हा. पुन्हा. ती घाई करत नव्हती, पण थांबतही नव्हती. यामिनी पाट्या उचलून चुन्याच्या खड्ड्यात ओतत राहिली. चुना फसफसला की आतून शिंपल्यांचा बारीक कटकट आवाज येई आणि थांबे.

एकदा तिने बघितलं, आई तळहातावर काहीतरी घेऊन उभी होती. नखाएवढ्या तिसऱ्या.

"ह्यो पण?"

"ह्यो पण, आई."

शालनने त्या पाटीत टाकल्या.

रेव संपत आली तेव्हा पाणी चढू लागलं होतं. दोघी नळाशेजारच्या बांधावर बसल्या. शालनची बोटं शिंपल्यांनी कापली होती, त्यांत चुना जाऊन ती भाजत असणार, पण ती फुंकर घालत नव्हती.

"दाभेखोलच्यांनी काढल्यो?" तिने विचारलं. बऱ्याच दिवसांनी ती आपणहून बोलत होती.

"नाय."

"काढतले?"

यामिनीला खोटं बोलता आलं असतं. "नाय, आई," ती म्हणाली. "तेंच्यो जित्यो आसत ना. नाय काढूचे."

"तेंच्या खाडीचा पाणी हय येता."

"येता."

शालन पाण्याकडे बघत राहिली. उकरलेल्या खड्ड्यांमध्ये गढूळ भरती शिरत होती. वरच्या अंगाला तलावावरचे पंखे फिरत होते, चाऱ्याचं यंत्र ठरल्या वेळी खळखळलं आणि पुडीचा आंबूस वास खाली आला.

"मगे आपण कित्याक काढल्यो?"

यामिनीकडे उत्तर होतं. शिकलेलं, नीट, पायरीपायरीने सांगता येण्यासारखं. ते तोंडाशी आलं, आणि तिने आईच्या बोटांकडे बघितलं आणि ते सांगितलं नाही.

शालनने पाटी पुन्हा कमरेला बांधली आणि बांधावरून खाली उतरली.

"आता खंय?" यामिनी म्हणाली. "पाणी चढता."

"त्या दगडाच्या मुळाक पाय पोचाक नाय होतो," शालन म्हणाली. "थंय दोन-चार रवल्यो असतीत."

ती मांडीभर पाण्यात गेली, एका हाताने दगड धरला, आणि दुसरा हात खांद्यापर्यंत आत घालून चाचपू लागली.